पाच खात्यांचा कॉम्प्युटर

दादानं कॉम्प्युटर मागितला तेव्हा आई आणि मी एकमेकींकडं बघतच राहिलो. अंथरुणाला खिळल्यापासून सहा वर्षांत त्यानं स्वतःहून काहीच मागितलं नव्हतं. ताटात येईल ते खायचं, आई घालेल ते घालायचं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो इलेक्ट्रिशियन होता. शेडवर चढलेला असताना पायाखालचा पत्रा फुटला आणि तो खाली आला. तेव्हापासून छातीखालचं सगळं शरीर बधिर. हात मात्र शाबूत राहिले. मी त्याची धाकटी बहीण. त्याच एमआयडीसीत दुसऱ्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम करते. कळंब्यातल्या आमच्या घरातली पुढची, उजेडाची खोली दादाची.

"लॅपटॉप हाय की," मी म्हटलं.

"त्यावर दोनच खिडक्या उघडतात. मला एकदम पाच पायजेत."

तो जो गेम खेळायचा त्यात पाच जणांची टोळी लागते. एकानं ढाल धरून पुढं राहायचं, एकानं जखमी झालेल्यांना बरं करायचं, बाकीच्यांनी लढायचं. सुरुवातीला दादा इंटरनेटवर भेटणाऱ्या अनोळखी लोकांबरोबर खेळायचा. पण पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आम्ही त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवतो. वेळ झाली की झाली. लढाई ऐन रंगात असली तरी त्याला हात काढून घ्यावा लागायचा. मग टोळी हरायची, सोबतचे शिव्या द्यायचे आणि शेवटी त्याला काढून टाकायचे. असं तीन-चार टोळ्यांत झालं.

"त्यास्नी खरं कारण सांगायचंस की," मी एकदा म्हटलं होतं.

"कशाला? कीव करून खेळत्यात व्हय कोण?"

म्हणून त्यानं स्वतःचीच पाच खाती काढली. ढालवाला तोच, वैद्य तोच, लढणारे तिघंही तोच. गेमच्या नियमात ते बसत होतं. अट एवढीच की प्रत्येकाला स्वतःच्या हातानं चालवायचं. आता कुणाची वाट बघायला नको आणि कुणाला उत्तर द्यायला नको. फक्त पाचही खिडक्या एकाच वेळी पेलणारं यंत्र हवं होतं.

आठवडाभर व्हिडिओ बघून, माहिती वाचून त्यानं वहीच्या कागदावर यादी केली. बत्तीस जीबी रॅम. जास्त कोअरचा प्रोसेसर. ग्राफिक्स कार्ड साधं चालेल, पण आठ जीबी मेमरीचं. शेवटी दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं, 'कमी तापणारा.'

"मी आणतो सगळं, तू काळजी करू नगंस," मी म्हणाले.

राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं यादी वाचली आणि हसून बाजूला ठेवली. "ताई, पाच गेम एकदम म्हणजे मोठं कार्डच पायजे बघा. साध्या कार्डावर काय हुतंय?" त्यानं एक विटेएवढं जाडजूड कार्ड पुढ्यात ठेवलं. शेजारी कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे काचेचा कॅबिनेट होता, आत निळे-जांभळे दिवे फिरत होते. ते कार्ड घ्यायचं तर रॅम निम्मी करावी लागत होती. मी केली. दादाला फोन करून विचारायचं डोक्यात आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण मला त्याला साधं काही द्यायचं नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा मागितलंय तर भारीतलंच द्यायचं, बघणाऱ्यानं बघत राहावं असं, एवढंच माझ्या मनात होतं.

दादानं दिवे फिरताना बघितले. "चांगला हाय," म्हणाला.

कॉम्प्युटरसोबत आलेल्या वायरी आखूड होत्या, म्हणून आम्ही कॅबिनेट पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर ठेवला. मी सकाळी आठला घर सोडायची. घरी आले की दादा खेळत असायचा. मला समाधान वाटायचं.

महिनाभरानं, एका रविवारी दुपारी, आई त्याला वळवताना ओरडली. मी धावत गेले. दादाचा डावा पाय उशीवरून घसरून कॅबिनेटच्या मागच्या जाळीला टेकला होता. त्या जाळीतून गरम वाफ यावी तसा वारा येत होता. टाचेवर लिंबाएवढा फोड आला होता आणि भोवतीची कातडी पांढरी पडली होती. दादा आमच्या तोंडांकडं बघत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "कुठं?"

डॉक्टर म्हणाले, संवेदना नसलेल्या पायाची जखम भरायला महिने लागतात. लागलेच. आईनं त्याच दिवशी कॅबिनेटवर चादर टाकली आणि मला म्हणाली, "ह्यो आधी घरातनं भाईर काढ." मी काढणारच होते. स्वयंपाकघरात जाऊन मी खूप रडले. शेडवरनं तो पडला त्यात माझा काही हात नव्हता. हा चटका मात्र मी दिला होता.

चार दिवसांनी मी त्याच्याजवळ बसले आणि म्हणाले, "दादा, यादी मी बदलली हुती."

"ठावं हाय मला. पैल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का न्हाईस?"

त्यानं चादर काढायला लावली आणि कॉम्प्युटर चालू केला. तीन खिडक्या उघडल्या. चौथी उघडायला घेतली तर पडदा अडखळू लागला. पाचवीला सगळंच गोठलं. "रॅम भरली. आणि तुजं कार्ड नुसतं भट्टीवानी तापतंय." महिनाभर तो तिघांवरच भागवत होता. म्हणजे एकही लढाई त्याला जिंकता आली नव्हती.

"मला वाटलं, मोठं घेतलं तर..."

"तुला वाटलं. आईला वाटतंय. डॉक्टरला वाटतंय." त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळं ते जास्तच लागलं. "मला काय वाटतंय, त्ये मी कागदावर लिवून दिलंतं की."

मी मान खाली घातली. खोलीला रंग कुठला द्यायचा, पंखा किती वेगानं फिरवायचा, पाहुणे आले तर दार उघडं ठेवायचं की बंद, यातलं काहीही आम्ही त्याला सहा वर्षांत विचारलं नव्हतं. त्याच्या भल्यासाठीच करत होतो, यात शंका नाही.

जखम सुकायला लागल्यावर आम्ही त्याला त्याच दुकानात नेलं. आईचा विरोध होता, पण ती स्वतःच रिक्षात त्याला धरून बसली. दुकानाला चार पायऱ्या होत्या, व्हीलचेअर चढेना. दुकानदार खाली आला, दादाकडं बघितलं, टाचेच्या पट्टीकडं बघितलं. मी काय झालं ते सांगितल्यावर त्याचं तोंड उतरलं. तो आत गेला आणि एकेक खोका फुटपाथवर आणून दादाच्या मांडीवर ठेवू लागला.

"ह्ये कार्ड किती वॅट खातंय?" दादानं विचारलं.

"साहेब, खोक्यावर बघून सांगतो."

"विजेची वेगळी वायर न लागणारं दाखवा, त्ये कमी तापतंय. प्रोसेसर पण थंड डोक्याचा. पंखं मोठं, पण सावकाश फिरणारं. पॉवर सप्लाय लोडच्या दुप्पट धरा, म्हंजे त्यो तापत न्हाई. आनि वायरी लांब. डबडं मला खोलीच्या पलीकडल्या टोकाला पायजे."

"मग गेम जोरात पळणार न्हाई बरं का," दुकानदार म्हणाला.

"पळायचा कशाला? ज्या खिडकीत मी हाय तेवढी नीट चालू दे. बाकीच्या चारींचा वेग मी कमी करून ठेवतो. उभं ऱ्हायाला किती ताकद लागती?"

अर्धा तास दोघं बोलत होते. फौंड्रीत कामगारांना विजेचा लोड समजावून सांगणारा दादा मी कधी बघितलाच नव्हता. तो असाच बोलत असणार. दुकानदारानं जुनं कार्ड आणि दिव्यांचा कॅबिनेट परत घेतला. आई रिक्षाला टेकून लेकाकडं बघत होती. तिनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

नवा कॅबिनेट काळा, ओबडधोबड आहे. खिडकीखाली उभा असतो, पलंगापासून सात-आठ फुटांवर. चालू आहे की बंद, ते हात लावल्याशिवाय कळत नाही. टाचेवर काळा डाग राहिला आहे आणि तो जाणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. उन्हाळ्यात खोली तापली की दादा स्वतःच दुपारी सगळं बंद करतो.

पहिल्यांदा पाचही खिडक्या एकदम उघडल्या तेव्हा मी तिथंच होते. पाच जण एका पुलावर ओळीनं उभे होते. एकेकाला तो पुढं नेत होता, एकाला नेऊन परत दुसऱ्याकडं येत होता. बघताना दमायला होत होतं.

"एक मला दे की चालवायला," मी म्हणाले. "तेवढाच तुजा भार हलका."

दादानं थोडा विचार केला.

"न्हाई," तो म्हणाला. "पाची माझंच. तू बस, बघ."

मी खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसले आणि बघत राहिले.