अकरा एकर चाळीस गुंठे

राजेश्वरी निकम हिच्या नाकाला लहानपणापासून एक सवय आहे. समोरचा माणूस मूर्खासारखं बोलायला लागला की ते उजव्या बाजूनं किंचित वर जातं. विट्याजवळच्या तिच्या वाडीत हे नाक सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वडील सेलमला गलाईच्या दुकानात सोनं गाळतात, गणपतीला आणि जत्रेला घरी येतात. इथं ती आणि आई. "माणसाकडं बघताना नाक जरा खाली ठिवावं गं," असं आई, म्हणजे आक्काताई, तिला बालवाडीपासून सांगत आली. आता पोरगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेली, तरी सांगणं चालूच आहे.

पण खरं सांगायचं तर त्या कॉलेजात नाक खाली ठेवणं कुणालाच जमलं नसतं.

पहिल्या वर्षाला सगळ्या शाखांना प्रोग्रॅमिंगचा विषय होता. इंजिनिअरिंगमधली गणितं संगणकाकडून कशी सोडवून घ्यावीत, हे त्यात शिकायचं. शिकवायला वीरधवल घोरपडे सर. सरांची लॅब म्हणजे देवघर. चपला बाहेर काढायच्या. आत संगणकांवर फुलाफुलांची आच्छादनं, आणि खंडेनवमीला वाहिलेलं हळदीकुंकू अजून कीबोर्डच्या फटीत. "आधी जर्नल, मग मशीन," हा सरांचा नियम. सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहीत, पोरं तो उतरवून घेत. त्याच्या खाली उत्तरही उतरवून घेत. प्रोग्रॅम अजून एकदाही चाललेला नाही, आणि त्याचं उत्तर मात्र लाल सहीसकट तयार! परीक्षेच्या आधी पोरं हे प्रोग्रॅम आरतीसारखे पाठ करत. मधली ओळ विसरली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एकदा राजेश्वरीनं विचारलं, "सर, ही मूळ संख्या शोधून आपण करायचं काय?"

"परीक्षेत येते," सर म्हणाले.

सरांची काही वाईट इच्छा नव्हती. त्यांना कसलीच इच्छा नव्हती. बारा वर्षं तेच फळ्यावरचे प्रोग्रॅम लिहून त्यांचा हात बसला होता आणि डोकं उठायचं राहून गेलं होतं. राजेश्वरीनं त्यांचा नाद सोडला. मोबाइलवर व्हिडिओ बघून, आतेभावाचा जुना लॅपटॉप मागून आणून ती स्वतःच शिकली. पहिल्यांदा तिनं विहिरीचं पाणी उपसायला मोटारीला किती वेळ लागेल ते काढलं, आणि लॅपटॉपनं दिलेलं उत्तर खरोखर मोटारीशी जुळलं, तेव्हा ती एकटीच माडीवर हसली होती. आपल्याला हे येतं, आणि त्या सगळ्या गाढवांना येत नाही, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

माघात वाडीचे हिंदुराव आबा कॉलेजात आले. आबा गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन. कालव्यातलं पाणी उचलून ही संस्था सभासदांच्या रानात पाळीपाळीनं सोडते. ज्याचं रान जितकं, तितके त्याला तास. पण कुणाला किती तास यावरून दर पाळीला भांडणं. शेजारच्या गावानं संस्थेच्या ऑफिसला टाइल्स बसवल्या होत्या, म्हणून आबांना त्याहून मोठं काहीतरी करायचं होतं. पाणीवाटप कॉम्प्युटरवर करायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

घोरपडे सरांनी लगेच मान हलवली आणि काम राजेश्वरीच्या गळ्यात घातलं. स्वतः केलं असतं, पण हा प्रोग्रॅम फळ्यावर नव्हता.

राजेश्वरीनं मन लावून केलं. संस्थेच्या सेक्रेटरीनं सभासदांची यादी पाठवली: नाव, आणि पुढं रान. तिनं सगळ्या रानांची बेरीज करवली, पाळीचे एकूण तास त्या प्रमाणात वाटले, आणि कुणाचं पाणी कधी सुरू होणार, कधी बंद होणार, याचं वेळापत्रक काढलं. एकही एरर न येता सगळं घडाघडा बाहेर पडलं.

मग व्हायचा तो तमाशा झाला. चौकात फ्लेक्स लागला, 'संगणकीकृत पाणीवाटप शुभारंभ'. त्यावर हात जोडलेले आबा, त्यांच्या खालोखाल घोरपडे सर, आणि कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, राजेश्वरी. सरांना फेटा बांधला. सरांनी भाषणात संगणक क्रांती, खेड्याचा कायापालट वगैरे सगळं घेतलं आणि प्रोग्रॅम कुणी लिहिला हे सोडून दिलं. नारळ फुटला तो लॅपटॉपच्या इतक्या जवळ की पाण्याचे शिंतोडे पडद्यावर उडाले. राजेश्वरीचं नाक दिवसभर खाली आलं नाही.

पहिली पाळी उलटली आणि दुसऱ्याच सकाळी धोंडुबाई दारात उभी राहिली.

धोंडुबाई एकटी बाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, तीस गुंठे रान. त्यात उन्हाळी भुईमूग. वाडीत तिची ओळख एकच, भांडखोर. बांधावरून, नळावरून, दळणाच्या नंबरावरून तिचं कुणाशी ना कुणाशी वाजलेलं असे.

"कुठं हाय ती कॉम्प्युटरवाली?" तिनं अंगणातूनच आवाज दिला. "माझं पानी निम्म्या रानात गेलं न्हाई तवर तोडलं! भुईमूग आऱ्यांवर आलाय, फुलाखालनं सुया निघाल्यात. आत्ता भुई वली न्हाई झाली तर आऱ्या मातीत जायच्या न्हाईत, शेंगा काय आभाळात धरू?"

राजेश्वरी चहाचा कप घेऊनच बाहेर आली. "काकी, ते कॉम्प्युटरनं काढलंय. त्याला कुणाची भाऊबंदकी ठाऊक नसती."

"आगं पर पयल्यापरास निम्मंबी न्हाई!"

"पहिलं चुकीचं असंल मग. प्रोग्रॅमला एकबी एरर नाही, काकी. म्हंजी बरोबर हाय."

धोंडुबाईनं तिच्याकडं बघितलं, आणि कपाळाला हात लावून निघून गेली. भांडायला आलेली बाई न भांडता गेली, हे आक्काताईला बरं वाटलं नाही. "राजू, तिचं रान बघून तरी यायचं हुतंस," ती म्हणाली. राजेश्वरीनं आत जाऊन दार लावून घेतलं.

आईचं तोंड बंद करावं एवढ्याच हेतूनं तिनं कागद घेतला. धोंडुबाईचा हिशोब हातानं करून दाखवायचा, की बघ, बरोबर आहे. चाळीस गुंठ्यांचा एकर. तीस गुंठे म्हणजे पाऊण एकर. पाऊण एकराला किती तास येतात ते तिनं काढलं आणि यादीशी ताडून बघितलं.

यादीतले तास निम्म्याहून कमी होते.

तिनं पुन्हा केलं. मग सेक्रेटरीनं पाठवलेली यादी उघडली. धोंडुबाईच्या नावापुढं ०.३० असं होतं. शेजारी एकाचं २.२०, एकाचं १.३५. तिच्या आईचं १.३०. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की त्या अख्ख्या यादीत टिंबाच्या पुढं एकही आकडा एकोणचाळिसाच्या वर जात नव्हता. जाईल कसा? टिंबाच्या अलीकडं एकर, पलीकडं गुंठे. वाडीतला प्रत्येक माणूस रान असंच लिहितो. तीही लहानपणापासून असंच लिहीत आली होती. आणि लॅपटॉपसमोर बसल्यावर मात्र इंजिनिअर होऊन तिनं ते दशांश चिन्ह समजून आत ढकललं होतं. पाऊण एकराचं रान एकराच्या तीन दशांशावर आलं होतं.

ज्याचं रान लहान, त्याचं पाणी सगळ्यात जास्त तोडलं गेलं होतं. आणि ज्याचे एकर पुरे, टिंबापुढं पूज्य, त्याच्या पदरात ते उरलेलं पाणी पडलं होतं. पुऱ्या बारा एकरांचा धनी गावात एकच, हिंदुराव आबा.

ती तडक कॉलेजात गेली. सरांनी ऐकून घेतलं, म्हणजे ती बोलत असताना ते जर्नलवर सह्या करत होते.

"एरर येते का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, पण उत्तर..."

"एरर नाही, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर. आता त्याला हात लावू नकोस. माझा सत्कार झालाय."

राजेश्वरीचं नाक सवयीनं वर निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. हेच वाक्य सकाळी तिनं स्वतः, हातात चहा घेऊन, एका बाईच्या तोंडावर फेकलं होतं. शब्दसुद्धा तेच. बारा वर्षं ज्याचं डोकं उठलं नाही त्या माणसासारखी ती बोलली होती, आणि तिला तर एकच महिना लागला होता. तिला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी ती संस्थेच्या ऑफिसात गेली. नवी पाळी सकाळी सुरू होणार होती. बाकावर दहाबारा सभासद आणि खुर्चीत आबा.

"आबा, यादीत चूक हाय. माझी चूक हाय. गुंठेवाल्यांचं पाणी कमी झालंय, तुमचं वाढलंय."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरी, कॉम्प्युटर चुकत न्हाई. आन् चुकला आसंल तर फुडच्या साली बघू. आता फलेक लागलाय चौकात."

"भुईमूग पुढच्या सालापर्यंत थांबंल का?"

"धोंडीनं धाडली व्हय तुला?" आबा हसले. बाकावरचे दोघंतिघंही हसले. त्यातल्या एकाचं स्वतःचं पाणी तुटलं होतं, पण चेअरमन हसल्यावर मागं राहणं त्याला जमलं नसावं. असल्या माणसांसाठी भांडावं तरी का, असं क्षणभर राजेश्वरीला वाटलं. मग तिनं लॅपटॉप उघडला.

"बरं आबा. तुमचं रान किती?"

"बारा एकर. सगळ्या गावाला ठावं हाय."

"म्हंजी अकरा एकर आन् चाळीस गुंठं. व्हय का न्हाई?"

"व्हय की. तेच झालं न्हवं."

"तेच झालं ना? मग तसंच लिहिते." बाराच्या जागी तिनं ११.४० लिहिलं, प्रोग्रॅम चालवला आणि पडदा आबांच्या पुढं केला.

आबांनी चष्मा लावला. आपलं नाव शोधलं. बंद व्हायची वेळ वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि खुर्चीतून उठले.

"आरं! माझं तासभर पानी कुठं गेलं?"

"कुठंच न्हाई गेलं, आबा. कॉम्प्युटर चुकत न्हाई."

आता सगळा बाक हसला. ज्याचं पाणी तुटलं होतं तो सगळ्यात मोठ्यानं. मग मात्र एकेकाचं तोंड उघडलं. माझं दीड एकर कितीला धरलंय, माझं पावणेदोन कितीला धरलंय, असा गिल्ला झाला. आबा दोन वेळा टेबलावर हात आपटून बघून खाली बसले. राजेश्वरीनं तिथंच टिंबापुढचे गुंठे चाळिसानं भागून घेतले, आणि या वेळी यादी भिंतीवर लावायच्या आधी तीन नावं हातानं करून बघितली. यादी लागली. दुसऱ्या दिवशी आबांनी नवा फ्लेक्स सांगितला, 'सुधारित संगणकीकृत पाणीवाटप'. त्यावर राजेश्वरी नव्हती.

धोंडुबाईची पाळी सकाळची होती. राजेश्वरी तिच्या रानात पहिल्यांदाच गेली. लांबट चिंचोळं रान, वरच्या अंगाला पाणी पोचत होतं. खालच्या अंगाचा भुईमूग माना टाकून करपला होता, मागच्या पाळीला तिथं पाणी पोचलंच नव्हतं. धोंडुबाई वाकून पाटाचं बारं फोडून सरीत पाणी घेत होती. तिनं मान वर केली नाही.

"काकी, माझी चूक झाली. आता सगळं नीट केलंय."

"ह्ये खालचं न्हाई नीट हुयाचं," धोंडुबाई म्हणाली. "आऱ्या सुकल्या. त्यांस्नी आता कितीबी पानी दे."

राजेश्वरीनं वाकून एक सुकलेली आरी बोटानं मातीत दाबून बघितली.

धोंडुबाईनं खोऱ्यानं एक बारं मोडलं, दुसरं बांधलं, आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी भांडकुदळ हाय, ह्ये ठावं हाय मला. समदं गाव मला बघून दार लावून घेतं. पर मला वाटलं हुतं, शिकल्याली पोरगी हाय, ती तरी हिशोब करून बघंल." तिनं खोरं उचललं. "सर आता लांब, पाटातल्या पाण्यात पाय देऊ नगंस."

राजेश्वरी बांधावर सरकली. करपलेल्या भुईमुगाच्या शेवटच्या सरीपर्यंत पाणी यायला बराच वेळ लागणार होता, आणि ते येईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.