शनिवारचा सेंटर फॉरवर्ड

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणूस समोर आला की लोक चेहरा बघतात, मी गुडघे बघते. त्यामुळे झॅकरी किहीमकरची आणि माझी ओळख झाली ती त्याच्या डाव्या गुडघ्यापासून.

आम्ही लंडनमध्येच एजवेअरला घर बदललं तेव्हा सामान हलवणाऱ्या कंपनीनं दोन माणसं पाठवली होती. त्यातला एक व्हॅनमध्ये फोनवर बोलत बसला आणि दुसरा आमचं वॉशिंग मशीन एकट्यानं छातीशी धरून पायऱ्या चढायला लागला. सव्वासहा फूट उंची, दाराला आडवे लागतील असे खांदे. मी मात्र बघत होते तो गुडघा. प्रत्येक पायरीला तो जरा आत वळत होता. "हा गुडघा तुला दगा देणार," मी त्याला इंग्रजीत बजावलं. तेवढ्यात आतून माझ्या नवऱ्यानं, मिहीरनं, हाक मारली, "अगं, त्याला चहा तरी विचार!" मी विचारायच्या आतच मशीनमागून मराठीत उत्तर आलं, "चहा नको आंटी, पाणी द्या."

मशीन त्यानं हातातून सोडलं नाही, पण माझ्या हातातली उशी खाली पडली.

झॅकची आई सारा किहीमकर आमच्या मागच्याच रस्त्यावर राहतात. मुंबईकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरातल्या, ठाण्याहून लग्न करून लंडनला आलेल्या. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत आहे. नवरा लवकर गेला. मग सारामावशींनी एका शाळेच्या किचनमध्ये मुलांना जेवण वाढायची नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. एजवेअरमधले निम्मे तरुण त्यांच्या हातचे मटार खाऊन वाढलेत, असं त्या सांगतात. निम्मे जरा जास्त होतात, पण मी वाद घालत नाही.

इंग्लंडच्या फुटबॉलची शिडी फार लांब आहे. टीव्हीवर दिसतात त्या वरच्या पायऱ्या. झॅकला शोधायचं तर खालून मोजायला सुरुवात करावी, लवकर सापडतो. सोळाव्या वर्षी एका मोठ्या क्लबच्या अकॅडमीनं त्याला घरी पाठवलं: अंग जास्त, वेग कमी. मग तो कुठकुठल्या गावांकडून खेळला. एका वर्षी समुद्रकाठच्या एका क्लबनं त्याला पूर्ण पगारावर ठेवलं, तो त्याचा सोन्याचा काळ. पुढच्या वर्षी मॅनेजर बदलला. नव्या साहेबांना सडपातळ, चपळ मुलं हवी होती. झॅक बॅग उचलून परत आला, ऑल्डरफोर्ड टाउन नावाच्या क्लबात शिरला आणि तिथंच राहिला. आठवडाभर लोकांची कपाटं उचलायची, दोन संध्याकाळी सराव आणि शनिवारी मॅच. वाईट वाटलं का विचारलं तर म्हणतो, "आंटी, एक वर्ष मला फक्त फुटबॉल खेळायची पैसे मिळाले. How many people can say that?"

क्लबात त्याला 'वॉर्डरोब' म्हणतात. नाव अगदी योग्य आहे. गोलकीपर लांब किक मारतो, झॅक ती छातीवर घेतो, पाठीवर दोन डिफेंडर लटकलेले असतात, आणि हा उभाच. तेवढ्यात बाकीचे धावत पुढे जातात. गोलही करतो, पण त्याचे गोल बघायला सुंदर नसतात. नडगीनं केलाय, कानानं केलाय, एकदा तर बसल्या बसल्या केलाय. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय, कारण वॉशिंग मशीन जागेवर लागल्यावर त्यानं मला विचारलं होतं, "आमचा फिजिओ दुबईला गेला. You wouldn't fancy it, आंटी?" मी फॅन्सी केलं. तेव्हापासून दर शनिवारी मी बॅग आणि बर्फ घेऊन चिखलात बसते. मिहीर म्हणतो, लोकांच्या बायका शनिवारी शॉपिंगला जातात, माझी लोकांच्या पोटऱ्या चोळायला जाते.

पण सारामावशींनी झॅकची एकही मॅच बघितलेली नव्हती. शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस. गाडी नाही, फोन नाही, गॅससुद्धा नाही. म्हणून शनिवारी अंधार पडला की मी त्यांच्याकडे जायचे. शब्बाथ संपल्यावरचा त्यांच्या घरातला पहिला चहा माझ्यासाठी व्हायचा, आणि मी सगळी मॅच पहिल्यापासून सांगायचे. त्यांचा पहिला प्रश्न स्कोअरचा कधीच नसे. त्या विचारायच्या, "कुणाला लागलं का?"

कुणालाच नाही म्हटलं, की मग त्या साखर ढवळायच्या.

मंगळवारीही कधीकधी मॅच असतात. तेव्हा या की, मी म्हटलं होतं. तर म्हणे, मंगळवारी माझे गुडघे दुखतात. ते गुडघे मी तपासलेत. उत्तम आहेत. खरं कारण झॅकनं सांगितलं. तो दहा वर्षांचा असताना पार्कमध्ये रविवारी मॅच होती, आई बघायला आली होती. झॅक चेंडूमागे धावला, मध्ये दुसरा मुलगा आला, आणि त्या मुलाचा पुढचा दात पडला. मुलगा नेमका मावशींच्या शाळेतला, रोज त्यांच्याकडून जास्तीचं कस्टर्ड मागून घेणारा. मावशींनी गवतात गुडघ्यांवर बसून दात शोधला, दुधात घातला, मुलाला त्याच्या आईच्या स्वाधीन केलं आणि घरी येऊन जाहीर केलं: तू खेळ, पण मी बघणार नाही.

"तुमचा मुलगा एवढा धिप्पाड, त्याची कसली काळजी?" मी एकदा विचारलं.

"त्याची कोण करतंय?" मावशी म्हणाल्या. "दुसऱ्यांची मुलं त्याच्याखाली येतात, त्यांची करते."

तो दात पडला त्याच दिवशी त्यांनी एलियाहू हन्नबीला, ज्यूंच्या प्रेषिताला, नवस बोलला होता: माझ्या मुलाच्या हातापायानं कुणाच्या लेकराचं हाड मोडू नये. त्याचा खेळ नीट संपेल त्या दिवशी तुझ्या नावानं मलिदा, गोड पोह्यांचा प्रसाद, करीन.

आणि झॅकला फक्त एक गोष्ट हवी होती. आईनं एकदा तरी आपल्याला खेळताना बघावं. ट्रॉफीबिफी त्यानं कधी मागितली नाही. हे मात्र तो दर मोसमाच्या सुरुवातीला माझ्याजवळ बोलायचा आणि मोसम संपला की गप्प व्हायचा.

या वर्षी गुडघ्यानं दगा दिलाच. मीच त्याला सांगितलं, एप्रिलनंतर बास. लोकांसमोर रडायचं नसतं अशा थाटात तो मान हलवून उठला आणि सवयीनं माझा सोफा भिंतीकडे सरकवून गेला.

शेवटची मॅच शनिवारीच होती. पण आठवडाभर असा पाऊस लागला की एका गोलसमोर बदकं पोहत होती. लीगनं मॅच दुसऱ्या दिवशी ढकलली. रविवार! अंधार पडल्यावर मी धावतच मावशींकडे गेले. सांगायला मॅच नव्हती, बातमी होती. त्या बराच वेळ चहा ढवळत राहिल्या, साखर न घालताच. मग म्हणाल्या, "गाडी कोण चालवणार? तू? मग जरा सावकाश चालव."

सकाळी न्यायला गेले तर ओट्यावर पोहे निवडून ठेवलेले, नारळ खवलेला, खजूर आणि वेलची काढलेली. "मावशी, अजून मॅच व्हायचीय," मी म्हटलं. नवस पूर्ण व्हायच्या आधीच फेडायची तयारी करणारी बाई मी प्रथमच बघत होते.

"तयारी दिसली तर त्यालाही जरा लाज वाटेल," त्या म्हणाल्या. तो म्हणजे झॅक की एलियाहू, हे मी विचारलं नाही.

झॅकनं वॉर्मअप करताना आईला बघितलं. माझ्याशेजारच्या बाकावर निळा कोट, डोक्याला स्कार्फ, हात जोडलेले. तो बघतच राहिला, आणि सहकाऱ्यानं दिलेला पास त्याच्या नाकावर बसला.

मॅचला लीगमध्ये काडीचं महत्त्व नव्हतं. पण पहिल्याच लांब चेंडूला झॅक आणि समोरचा डिफेंडर, रीस नावाचा तरतरीत पोरगा, दोघांनी उडी मारली आणि खाली येताना वॉर्डरोब रीसवर आला. रीस हलेना. त्यांचा फिजिओ आलेला नव्हता, रेफरीनं मलाच हात केला. मी धावले. माझ्यामागून आणखी पावलं वाजली. मावशी बाकावरून उठून थेट रेषेपर्यंत आल्या होत्या, लाइन्समन त्यांना "मॅडम, मॅडम" करत होता, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

रीसचा नुसता श्वास अडकला होता. डोळे उघडून त्यानं पहिलं काय विचारलं, तर फ्री किक मिळाली का! मी अंगठा वर केला. तेव्हा रेषेवरून आवाज आला, "झॅक! सॉरी म्हण त्याला!"

छत्तीस वर्षांच्या वॉर्डरोबनं, सगळ्या स्टँडसमोर, कान लाल करून हात पुढे केला. "Sorry, mate. My mum's here."

दुसऱ्या हाफमध्ये रीसला चांगलंच बळ आलं. तो झॅकचा शर्ट ओढायला लागला, पायावर पाय द्यायला लागला, कोपर मारायला लागला. रेफरी नेमका दुसरीकडे बघायचा. हे काही नवं नव्हतं, दर शनिवारी असंच असतं. पण मावशींसाठी नवं होतं. त्यांचे जोडलेले हात सुटले. त्या पुढे सरकून बसल्या. मग रीसनं मागून असा पाय घातला की झॅक तोंडावर चिखलात आपटला. मी बॅग घेऊन उठणार, तोच मावशींनी माझी बाही धरली.

"अनुराधा, मघाशी त्या पोराला उठवलंस कशाला गं?"

आणि त्या उभ्याच राहिल्या. "अहो रेफरी! डोळे फुटले का तुमचे?" शिव्या देतानाही अहो! "ऊठ रे झॅक! ढकल त्याला! ढकल!"

ऑल्डरफोर्डच्या पब्लिकला मराठी कुठून येणार? पण उत्साह कळतो. दोन मिनिटांत सगळा स्टँड "धाकल! धाकल!" ओरडत होता. पुढच्याच कॉर्नरला रीस झॅकच्या शर्टाला लोंबकळला, झॅकनं त्याला झटकायला पाठ फिरवली, चेंडू त्या पाठीवर आदळला आणि आत गेला. गोल! झॅकला तो इतरांच्या ओरडण्यावरून कळला. मी नाचले. मावशी माझ्याहून जास्त नाचल्या, आणि मंगळवारी दुखणारे गुडघे जरासुद्धा कुरकुरले नाहीत.

आम्ही दोन-एकनं हरलो. झॅक लंगडत कठड्यापाशी आला, पापण्यांपर्यंत चिखलानं माखलेला. "आई, माझी गोल बघितलास?"

मावशींनी स्कार्फ सोडून त्याचं तोंड पुसायला घेतलं. "किती मारतात रे तुला," त्या म्हणाल्या. "मला कधी बोलला नाहीस."

"तू नेहमी विचारते, दुसऱ्याला लागला का," तो हसत म्हणाला. त्याच्या मनात काहीही नव्हतं, पण मावशींचा हात थांबला. मग त्या वाकल्या आणि तो चिखलाळलेला डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून तशाच थांबल्या. मी उगाच बॅगेत बर्फ शोधू लागले.

संध्याकाळी मलिदा झाला. शेजारच्या दोन वृद्ध गृहस्थांनी प्रार्थना म्हटली, झॅक आंघोळ करून, टोपी घालून त्यांच्यामागे उभा होता. अर्धी टीम आली होती. रीसलाही मावशींनी हट्टानं आणलं होतं. पोहे, खोबरं, खजूर, केळ्याचे काप असं दोनदा घेऊन तो म्हणाला, मिसेस के, पुढच्या वर्षी कुणाला टॅकल करू? मावशींनी त्याला तिसऱ्यांदा वाढलं.

पुढच्या शनिवारी अंधार पडल्यावर सवयीनं माझे पाय त्यांच्या घराकडे वळले. सांगायला काही नव्हतं, तरी गेले. झॅक टेबलाशी बसला होता, गुडघ्यावर बर्फ. मावशींनी चहा ठेवला आणि मला खुर्ची दाखवली.

"तू बस. आज मॅच मी सांगते."

आणि त्यांनी सांगायला घेतलं. त्या पिचवर आम्ही दोघंही होतो, याची त्यांना पर्वा नव्हती. त्यांच्या मॅचमध्ये रीस झॅकपेक्षा हातभर उंच होता, एकाच्या जागी तीन डिफेंडर होते, आणि पाठ झॅकनं नेम धरून फिरवली होती. झॅक चहा विसरून ऐकत होता. आयुष्यात प्रथमच कुणीतरी आपली गोष्ट आपल्याला सांगतंय, असा आनंद त्याच्या तोंडावर होता. मला राहवलं नाही, मी मध्येच विचारलं, "कुणाला लागलं का, मावशी?"

"थांब गं," त्या म्हणाल्या. "अजून गोल व्हायचाय."