वैजूचे बाबा

वैजू गेल्यावर देवाशी माझं बोलणं बंद झालं. सोमवारचा उपास सोडला. कॉलेजात जाणारी धडधाकट मुलगी काविळीने जाते आणि आपण त्र्यंबकराजाला बेल वाहत राहायचं, हे मला पटेना. मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. आमचे हे मात्र मुके झाले. ऑफिसातून येत, पानातलं खात आणि भिंतीकडे बघत बसत. घरात तिचं नाव कोणीच घेत नव्हतं. वर्ष असंच गेलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "यांना जरा मोकळ्या हवेत चालवून आणा."

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. एका रविवारी त्र्यंबकच्या पुढे, वनखात्याने राखलेल्या जंगलात मी त्यांना घेऊन गेले. वाटेत देऊळ लागलं, पण मी आत गेले नाही. जंगलातली वाट आधी साग-ऐनाच्या झाडीतून, मग कमरेएवढ्या पिवळ्या गवताच्या माळावरून जाते. खाली उतारावर पाड्याची भातखाचरं. माझी चाल पहिल्यापासून झपाझप. मी पुढे, ते मागे. माळावर मध्येच वळून पाहिलं तर मागे कोणी नव्हतं.

माळाच्या टोकाला खोल कडा आहे, तिकडे जाऊ नका, असं नाक्यावरच्या गार्डने आम्हा दोघांना बजावलं होतं. ते चुकून तिकडे गेले असतील की मुद्दाम, हा विचार मनात आला. "अहो! अहो!" ओरडत मी गवतातून धावत सुटले.

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई समोरून येत होती. काय झालं ते ऐकून तिने भारा खाली टाकला.

"अहो म्हनून कोन ओ देईल, बाई? माझा नवराबी तिकडं भात कापतोय, तोच यायचा पळत. नाव घे ना त्याचं!"

लग्नातल्या उखाण्यानंतर मी त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"या वयात लाजतीस व्हय? मानूस हरवलाय तुझा!"

मी ओरडले, "दत्तात्रय!" तीही माझ्यामागून ओरडली, "ओ दत्तूबा!" गवत तेवढं सळसळलं.

मी मटकन खाली बसले. आयुष्यभर पदर खोचून सगळं निभावलं, पण तेव्हा मला काही सुचेना. मनात म्हटलं, देवा, आता तूच बघ. आणि तोंडातून हाक गेली, "वैजूचे बाबा!" वैजू झाल्यापासून मी त्यांना अशीच हाक मारायचे. ती गेली तशी ही हाकही बंद झाली होती.

"ओ," कड्याच्या बाजूने आवाज आला.

एका झाडाखाली शेंदूर फासलेल्या वाघदेवाच्या दगडापाशी ते बसले होते. चपला बाजूला काढलेल्या. दोन पावलांवर कडा. चपला देवासाठी काढल्या होत्या की दुसऱ्या कशासाठी, ते मी आजवर विचारलेलं नाही.

"तिचं नाव घेतलंस," ते म्हणाले. "परत घे."

मी घेतलं. वर्षभर कोरडा राहिलेला तो माणूस हमसून हमसून रडला. मीही रडले. बाई बाजूला उभी होती. त्यांचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "बायकूला असं पळवत्यात व्हय, दादा? चला उठा आता, ऊन उतरलं." तिने आम्हाला सडकेपर्यंत सोडलं. एसटीत नाशिक येईपर्यंत हे वैजूबद्दलच बोलत होते.

ती हाक मला कोणी सुचवली, यावर मी वाद घालत नाही. मी सुचवली नव्हती, एवढं पक्कं. मुलगी परत आली नाही, दुःखही कमी झालं नाही. पण तो माणूस माझ्या घरात आहे, हाक सुचवणाऱ्याचे उपकार कसे विसरू? सोमवारी आता मी दिवा लावते. मागत काही नाही. आम्ही दोघं तिचं नाव घेतो, रडू आलं तर रडतो. मग मी उठून कुकर लावते.