बाल्कनीकडे गेलेला हात

व्हर्लीन टॉलिव्हर एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबस शहराच्या पूर्व भागातल्या बेथेल ग्रोव्ह चर्चमध्ये त्या अशरांच्या प्रमुख होत्या. अशर म्हणजे दाराशी उभं राहून आलेल्या माणसाला जागेवर नेऊन बसवणारे. प्रार्थना चालू असताना अशर बोलत नाहीत, सगळं काम हातांनी चालतं. तळहात पुढे म्हणजे थांबा, दोन बोटं वर म्हणजे बाल्कनीत न्या. एकदा दिलेली खूण दुसरी होईपर्यंत चालू राहते. व्हर्लीनना हे आईने शिकवलं, आणि त्यांनी पुढे निम्म्या वस्तीला.

ती वस्ती आता नाही. जॉर्जिया-अलाबामातून आलेल्या काळ्या कुटुंबांनी आधी चर्च बांधलं, मग भोवती घरं. व्हर्लीन शाळेत असताना हायवे आला आणि दक्षिणेकडची सगळी घरं गेली, त्यांत त्यांचंही. लोक डेट्रॉइट, क्लीव्हलंडला पांगले. ऑगस्टमधल्या एका रविवारी मात्र सगळे परत येतात. त्याला होमकमिंग म्हणतात. त्या दिवशी कोणालाही दारातून परत पाठवायचं नाही, हा तिथला नियम.

यंदा शहराने इमारत धोकादायक ठरवली. चर्चने तपासणीसाठी मिहीरला बोलावलं. तो कोलंबसलगतच्या डब्लिन उपनगरात वाढलेला, मराठी आईवडिलांचा मुलगा, जुन्या इमारतींचं काम करणारा इंजिनियर. बाल्कनी बंद ठेवली तर खालचा भाग वापरता येईल, असं त्याचं मत झालं. अहवालाआधी त्याला खाली गर्दी असताना तुळया बघायच्या होत्या, म्हणून त्याने होमकमिंगचाच दिवस निवडला.

"मिस व्हर्लीन, वर कोणी नको."

"बेबी, मी दाराशी असताना माशीसुद्धा विचारून वर जाते."

त्यांनी जिन्याला दोरी बांधली आणि एका अशरला तिथे उभं केलं.

रविवारी दहापासूनच रीघ लागली. डेट्रॉइटहून आलेली एक बालमैत्रीण दारातच ओरडली, "व्हर्लीन! अजून तूच? स्वर्गाच्या दाराशी जागा रिकामी नाही वाटतं?"

"आहे की. पण तिथे तुला आत घ्यावं लागेल, म्हणून मी जात नाही."

प्रार्थना सुरू झाली तेव्हा खाली एकही बाक मोकळा नव्हता. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ मुला-नातवंडांसह आले. हायवेत गेलेल्या घरांपैकी एक त्यांचं. व्हर्लीननी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांची दोन बोटं वर गेली. जिन्यापाशी उभ्या अशरने दोरी सोडली. त्यानंतर आलेले सगळे वरच गेले. प्रार्थना संपून गाणं सुरू झालं तेव्हा बाल्कनी भरलेली होती.

मिहीर खालच्या तुळईजवळ, जिन्याकडे पाठ करून उभा होता. आधी त्याच्या खांद्यावर गिलाव्याचा चुरा पडला, मग तडा दिसला. त्याने व्हर्लीनना गाठून कानात सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. मधल्या वाटेत, सर्व अशरांना दिसेल अशा जागी गेल्या आणि खूण बदलली: वरच्यांना खाली आणा. गाणं चालूच राहिलं. एकेक रांग करत बाल्कनी रिकामी झाली. कोणाला खरचटलंही नाही.

बाहेर मिहीरने विचारलं, "का पाठवलंत?"

"विचार करून नाही. जागा संपली, हात वर गेला."

"तडा खालपर्यंत आलाय. सगळी इमारत बंद करा, असंच मला लिहावं लागेल."

"मग हेही लिही की भार मी टाकला. इमारतीने काही केलेलं नाही."

"अहवालात फक्त इमारतीबद्दल लिहितात. हे तुम्हाला शहराच्या सुनावणीत सांगता येईल."

सुनावणी सप्टेंबरमध्ये झाली. इमारत पाडायची की दुरुस्तीला मुदत द्यायची, हे तिथे ठरणार होतं. जाताना गाडीत भाची शॅरन म्हणाली, "आँटी, वर मोजकेच लोक होते म्हण. कोण बघायला आलं होतं?"

"मी होते ना."

व्हर्लीननी सगळं होतं तसं सांगितलं: बाल्कनी भरली होती, खूण माझी होती. अधिकारी बाई सौम्य होत्या. त्यांनी विचारलं, मुदत दिली आणि चर्च पुन्हा उघडलं, तर अशी गर्दी परत होऊ देणार नाही, याची हमी देता का?

शॅरनने कोपर मारलं. चर्चचे धर्मगुरू खाकरले.

"इतर रविवारी देते," व्हर्लीन म्हणाल्या. "होमकमिंगला नाही देता येणार."

मुदत मिळाली नाही, इमारत पाडायचं ठरलं.