संग्रहालयाचं अनुदान विचाराधीन आहे

फाइल जागची हलली नाही तरी तिच्याभोवती किस्से मात्र जमत जातात. आमच्या फायलीभोवती इतके जमले की अजूनही शहाद्याच्या स्टँडवर कोणी जुना माणूस भेटला की म्हणतो, "गुरुजी, तो वाळवीचा सांगा ना!" मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण सांगताना कानशिलं अजून तापतात, हे खरं.

म्हसावदला वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही एक लहानसं वस्तुसंग्रहालय काढलं होतं. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, जिल्ह्याची कचेरी लांब होती. खोलीत सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल लोकांचे तीरकामठे, मासे धरायचे बांबूचे सापळे, चांदीचे दागिने, शिवाय सपाटीवरच्या शेतकऱ्यांची जुनी अवजारं. अध्यक्ष हिराभाई, तापीकाठचे गुजर शेतकरी. चिटणीस मी, शाळामास्तर. तिसरे रहीमचाचा, पत्र्याचे डबे-कंदील करणारे कारागीर. ऐन बाजाराच्या दिवशी, म्हणजे धंद्याच्या दिवशी, हा माणूस स्वतःचं दुकान बंद ठेवून संग्रहालयाचं दार उघडायचा!

लहान संग्रहालयं चालवायला सरकार दरवर्षी अनुदान देतं, असं कळलं. आम्ही अर्ज केला. तिथंच चुकलं.

*

पहिले साहेब आले ते जीपमधून. खोलीत एक फेरी मारली, रुमालानं मान पुसली आणि विचारलं, "हे सगळं कोणत्या राजाच्या काळातलं?"

मी म्हटलं, "राजाचं नाही साहेब, लोकांचं आहे."

"फॉर्ममध्ये रकाना आहे. राजवट लिहावीच लागेल."

मी हिराभाईंकडे पाहिलं. हिराभाई शांतपणे अहिराणीत म्हणाले, "राजा आठे कधी ऊनाच नही, साहेब. त्याना वसुलीवाला मातर दरसाल येत व्हता!"

साहेबांनी रकान्यात लिहिलं : माहिती अपुरी.

*

मग कचेरीनं विचारलं, वर्षाला माणसं किती येतात? पुरावा ठेवा.

चाचांनी दारात वही आणि शाईचा पॅड ठेवला. बाजाराला डोंगरातून उतरलेली माणसं आत यायची, आपल्या आजाचा कामठा बघून खळखळून हसायची, आणि जाताना अंगठा उमटवायची. प्रत्येक अंगठ्यापुढं मी नाव आणि गाव लिहायचो. वर्षभरात वही भरली. आम्ही खूश!

दुसरे साहेब आले. त्यांनी फक्त सह्या मोजल्या. त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच शाळेतल्या मास्तरांच्या.

"अंगठे धरता येत नाहीत," साहेब म्हणाले. "प्रेक्षक सुशिक्षित हवेत."

"अहो साहेब, पण वस्तू त्यांच्याच आहेत!"

"तेच म्हणतोय मी. स्वतःचंच सामान बघायला येतात, ते प्रेक्षक कसले?"

हिराभाई खुर्चीवरून उठले. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी रस्त्यावर ऐकू गेलं. "जमीन लिखी लेतस तव्हय अंगठा चालस! आठे का बरं चालत नही?"

तपासणीच्या अहवालात त्या वर्षी एक नवी ओळ आली : अध्यक्ष उर्मट आहेत.

*

मग महाराष्ट्र-गुजरात राज्यं वेगळी झाली. आमची फाइल गायब. वर्षभर पत्रं लिहिली, उत्तर नाही. शेवटी कळलं की अध्यक्षांच्या नावात 'भाई' दिसल्यावर कोणा कारकुनानं ती गुजरातच्या गठ्ठ्यात बांधून दिली होती!

ती परत आली, सोबत तिकडच्या कोणा अधिकाऱ्याची चिठ्ठी. 'ही फाइल आमची नाही. परंतु यादी वाचली. संग्रहालय पाहण्यासारखे दिसते. शुभेच्छा.'

इतक्या वर्षांत सरकारी शाईनं आमच्याबद्दल लिहिलेलं ते एकुलतं एक चांगलं वाक्य. आणि तेही दुसऱ्या राज्याचं!

*

आता वाळवीचा.

आमच्याकडं कापसातली सरकी काढायचा एक लाकडी रेचा होता. हिराभाईंच्या आजीच्या हातचा. आपल्या मागं राहावा म्हणून तिनं जपलेला. त्याला वाळवी लागली. औषध मारायला पैसे मागितले, तर उत्तर आलं : अर्ज विचाराधीन आहे. ते विचार करत राहिले आणि वाळवी खात राहिली. एके सकाळी मी रेच्याला हात लावला आणि तो खाली बसला. नुसता भुसा!

हिराभाई पुढं झाले. खाली वाकून भुसा चिमटीत घेतला आणि तसाच ठेवला.

कचेरीला कळवलं. उत्तर लगेच आलं, हे विशेष! 'नोंदणीकृत वस्तू वरिष्ठांच्या परवानगीशिवाय टाकून देऊ नये.' म्हणजे अनुदान नाही, पण नियम सगळे लागू. चाचांनी एक चांगला डबा केला, त्यात भुसा भरला, वर नंबर चिकटवला.

पुढच्या तपासणीला साहेबांनी यादी हातात घेतली. नंबर वाचला, डबा पाहिला, खूण केली आणि शेरा मारला : वस्तू सुस्थितीत.

झाकण उघडलंसुद्धा नाही हो!

*

जामसिंग पावरा म्हणून एक म्हातारा होता. त्यानं आपला मोठा ढोल आम्हाला दिला होता, एका अटीवर. होळीला न्यायचा आणि होळी झाली की आणून द्यायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ढोल परत यायचा तो राख लागलेला, कधी नवं कातडं चढवलेला.

एका वर्षी साहेब नेमके होळीच्या आठवड्यात आले. ढोलाची जागा रिकामी. 'वस्तू गहाळ, चिटणीस जबाबदार.' मी खुलासा करू लागलो तसे साहेब भडकले. "संग्रहालयात जमा झालेली वस्तू पुन्हा वाजवायची नसते! एवढंही कळत नाही?"

जामसिंग ढोल घेऊन आला, तेव्हा मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्यानं ढोल जागेवर ठेवला. मग मोडक्या मराठीत मला विचारलं, "गुरुजी, वाजवायचा नाही? मग तो मेला कधी?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी कचेरीला विचारायला हवं होतं. राहून गेलं.

*

अनुदान कधीच मिळालं नाही का, असं लोक विचारतात. एकदा अगदी दारापर्यंत आलं होतं. साठीच्या दशकाच्या मध्यावर. सगळे रकाने भरले, सगळे दाखले जोडले, फक्त एक अट उरली : प्रवेशाला तिकीट हवं, पावतीपुस्तक हवं. माणशी पाच पैसे. आम्ही तिघं दोन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. पण छप्पर गळत होतं. पुस्तक छापून आणलं.

साहेब स्वतः बाजाराच्या दिवशी आले. मंजुरीचा कागद तयार होता, सही तेवढी बाकी. तिकीटविक्री डोळ्यांनी बघितली की करणार होते.

दारात पहिलीच आली ती ठुमलीबाई. धडगावच्या बाजूची म्हातारी पावरीण, डोक्यावर चारोळीची टोपली. तिच्या आईची गळ्यातली चांदीची हासळी आमच्या कपाटात होती, तिनंच दिलेली. बाजाराला आली की ती आत जायची, हासळीसमोर घडीभर बसायची आणि निघून जायची.

साहेब म्हणाले, "तिकीट."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मग मीच तिला सांगितलं. तिला आधी कळलं नाही. कळल्यावर तिनं टोपली उतरवली आणि ओंजळभर चारोळी टेबलावर ठेवली. तिचा माल अजून विकला गेला नव्हता, कनवटीला पैसा नव्हता.

"हे चालत नाही. नाणं पाहिजे."

ती पावरीत काहीतरी बोलली. साहेबांनी विचारलं, "काय म्हणते?"

मी सांगितलं, "ती म्हणते, हा माणूस उद्या माझ्या घरी आला, तर दारात मी त्याच्याकडून काय घेऊ?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पाकीट काढलं, पाच पैशांचं नाणं टेबलावर आपटलं आणि चाचांवर ओरडले, "घ्या! माझ्यातर्फे! आता फाडा तिची पावती!"

चाचा उभे राहिले. पावतीपुस्तक दोन्ही हातांत धरलं, आणि फाडलं. अख्खं, मधोमध.

"या बाई," ते म्हणाले, "आत या."