पेचकसानं ऐकलेली धून
जुन्या पेचकसाला ग्रीसचा वास येतो आणि भिलाईचं आमचं क्वार्टर आठवतं. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममधली एक धून मी कॅसेटवर उतरवली, एका टेपवर ती लावून कीबोर्डवर ठेका देत दुसऱ्या टेपवर भरली. सेक्टरच्या गणपतीत ती वाजणार होती, म्हणून आधी बाबांना ऐकवली. पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये बेअरिंगचा आवाज तपासायचे तसं त्यांनी पेचकसाचं टोक स्पीकरला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. म्हणाले, “ठेका बरोबर हाय बाई, पण धून कुठी गेली? मले ऐकूच नाही येऊन राहिली.” मी ठेक्याचा आवाज कमी केला, धुनेचा वाढवला आणि सगळं पुन्हा भरलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ते हसले, “आता आली.” मांडवात कॅसेट लागली, धून कर्कश किंचाळली आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी कान झाकले. मी रडकुंडीला आले, तेव्हा आई हळूच म्हणाली, “मिलच्या धडधडीनं बारीक आवाज त्याइले कवाचाच ऐकू येत नाही.” बाबा मात्र खुर्चीच्या दांडीवर बोटांनी ताल धरून बसले होते. पुढं बरीच गाणी मिक्स केली, लोकांना आवडलीही. पण एकाच माणसासाठी केलेलं, आणि त्याला नीट पोचलेलं, तेवढं एकच.