लेव्हलच्या नळीचं दुसरं टोक

मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. समोच्च रेषा, पाणलोट, नदीचं खोरं, सगळं फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवलं. माझ्या वर्गात पाणी नेहमी उंचावरून खाली वाहायचं, कधी उलटून बोलायचं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र आमच्या वसईच्या सोसायटीतलं पाणी माझं ऐकेना.

निवृत्त शिक्षक ही जमात तशी धोकादायक. वर्ग सुटतो, पण शिकवायची खाज सुटत नाही. मी सोसायटीची सेक्रेटरी झाले आणि वर्षभरात कमिटीच्या खोलीत दर रविवारी सकाळी 'शेजारशाळा' सुरू केली. ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं, बाकीच्यांनी शिकायचं, आणि त्यातून परिसराचा विकास साधायचा, असं मी नोटीस बोर्डावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. पहिल्या रविवारी चेअरमननी योगासनं शिकवली. दुसऱ्या दिवशी चौघांच्या घरी मलमाची ट्यूब आली. तिसऱ्या रविवारी मी 'अर्ज कसा लिहावा' हे शिकवलं. विकास अजून वाटेत होता.

अर्जाला विषय मात्र खरा होता. तळमजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहते. नवरा वालीवला एका कारखान्यात, आणि हिचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. ब्लाउज, फॉल-पिको, सुनांच्या पंजाबी ड्रेसची फिटिंग, सगळं तिच्याकडे. गेले दोन पावसाळे तिच्या घरात पाणी शिरत होतं. पहिल्या वर्षी मशीनची मोटर गेली. दुसऱ्या वर्षी एका नवरीचं लग्नाचं कापड गढूळ पाण्यात भिजलं आणि तिला हात जोडत फिरावं लागलं. यंदा मे महिन्यात तिने मला जिन्यात थांबवून सांगितलं, "बाई, विरारला तिसऱ्या मजल्यावर खोली बघून आलेय. पावसाच्या आधी काही झालं नाही तर आम्ही जातो. गिऱ्हाइकं सगळी इथली आहेत, ती तिकडे कोण येणार? पण दर वर्षी भिंती सुकवत बसायचं मला जमणार नाही."

आमच्या सगळ्यांचं एकमत होतं की दोष बाहेरच्या गटाराचा. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते नवीन बांधलं आणि त्याच पावसाळ्यात पाणी आत आलं. आणखी काय पुरावा हवा? मी महापालिकेला तीन अर्ज धाडले, तिन्ही अगदी रसाळ. 'गटाराचा उतार उलटा असल्याने रहिवाशांच्या घरात गुडघाभर पाणी साचते.' त्यातला एक तर शेजारशाळेत नमुना म्हणून सगळ्यांना उतरवून घ्यायला लावला.

तिसऱ्या अर्जानंतर महापालिकेचा एक तरुण इंजिनीयर आला. त्याने गटारात डोकावून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, उतार उलटा आहे म्हणता, तर लेव्हल दाखवा. किती चढ, कुठून कुठे?"

उतार काढायचं सूत्र मला झोपेतही येतं. पण समोरच्या चालत्या-बोलत्या गटाराचा उतार मोजायचा कसा, हे मला बत्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. चेअरमननी मोबाइलवर उंची मोजायचं ॲप घेतलं. ॲपच्या मते आमची गच्ची समुद्रसपाटीच्या खाली होती. ते पाहून चेअरमन जरा घाबरलेच.

हा सगळा तमाशा आमच्या गेटवर बसणारी भाजीवाली मावशी बघत होती. ती पलीकडच्या भातशेतीच्या गावातली. गुडघे दुखायला लागेपर्यंत तिने बांधकामावर बिगारी म्हणून घमेली उचलली, आता मुळा, लाल माठ, वालाच्या शेंगा विकते. ती तोंडावर पदर धरून हसली.

"अवो बाई, मोबाइल काय करायचा त्यात? लांब पारदर्शक नळी आना. त्यात पानी भरा. गवंडी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. वीस-बावीस वर्सं तेच केलंय. पानी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर थांबतं, मग खालची जमीन मापायची."

भूगोलाच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, फक्त जास्त कंटाळवाणं. मी म्हटलं, "मग येत्या रविवारी तुम्हीच शिकवा." तोंडातून वाक्य गेलं आणि मला माझीच लाज वाटली. 'ज्याला जे येतं ते' असा बोर्ड लावून वर्ष झालं होतं. ही बाई त्या बोर्डापासून दहा पावलांवर बसत होती आणि मला तिला बोलवायचं एकदाही सुचलं नव्हतं. चेअरमननी तर बाजूला घेऊन विचारलंच, "आपण भाजीवालीकडून शिकायचं?" मी म्हटलं, "तुमच्याकडून योगासनं शिकलोच ना."

रविवारी मावशीने आधी टोपली झाकली, हात धुतले, मग वर्ग घेतला. नळीत पाणी भरताना बुडबुडा राहिला की ती नळीवर टिचकी मारायची. "हवा रायली तर सगळं चुकतं." नळीचं एक टोक तिने गटाराच्या सुरुवातीला स्वतः धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. मी पाणी सांडू नये म्हणून टोकावर घट्ट अंगठा दाबून दिमाखात उभी राहिले.

"अंगठा काढा!"

"पाणी सांडेल ना."

"अंगठा दाबला तर पानी हलनार कसं? काढा म्हनते ना!"

मी मुलांवर ज्या आवाजात ओरडायचे तोच आवाज. वर्गाला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी अंगठा काढला आणि पाणी सर्रकन चार बोटं खाली गेलं. शिवणवाल्या बाईने तिची मापाची टेप आणली होती. नळीतल्या पाण्यापासून जमिनीपर्यंत ती मापं घ्यायची आणि खडूने भिंतीवर लिहायची. माप जितकं मोठं, तितकी जमीन खाली, एवढं कळलं की झालं.

गटाराची मापं एकामागून एक वाढत गेली. म्हणजे गटार सुरुवातीपासून खाडीच्या दिशेने व्यवस्थित खाली जात होतं. एकदा चुकलं असेल म्हणून पुन्हा मापलं. पुन्हा तेच. चेअरमन म्हणाले, "नळी खराब आहे." मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं की ते सावलीत जाऊन उभे राहिले.

मग तिने आमचा मोर्चा कंपाउंडच्या आत वळवला. शिवणवाल्या बाईच्या दारापासून गेटकडे. इथे मात्र मापं कमी कमी होत गेली. दारापासून निघालेली जमीन हळूहळू चढत होती आणि गेटजवळ तर दारापेक्षा चांगली वीतभर उंच झाली होती. आतलं पाणी बाहेर जायला निघालं की तिथून परत फिरून थेट तिच्या उंबऱ्याशी येणार.

आणि त्या उंचवट्यावर होता माझा कट्टा.

ज्येष्ठ नागरिकांसाठी बसायची जागा. सेक्रेटरी झाल्यावर मी केलेलं पहिलं काम. भराव टाकून, वर पेव्हर ब्लॉक बसवून, मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर संगमरवरी पाटी लावलेली, पाटीवर चेअरमनचं आणि माझं नाव. भिंतीत खाली एक भोक होतं, त्यातून घुशी यायच्या, म्हणून तेही मी सिमेंटने बंद करून घेतलं होतं. तो उन्हाळाही दोन वर्षांपूर्वीचाच, गटाराचाच. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"माहीत कसं नसेल? पानी त्या भोकातूनच जायचं. कट्टा बांधत होते तवाच बोलले होते मी. 'बाई, भोक बुजवू नका.' तुमी बोलल्या, 'मावशी, भेंडी कोवळी आहे ना?'"

मला ती भेंडी आठवली. कोवळी होती.

चेअरमन कुजबुजले, "बाई, अर्जाच्या फाइलीत 'मोजणीतून निष्कर्ष निघाला नाही' असं लिहून टाकू. पाटीवर आपली नावं आहेत." खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते पटलं. पण खडूचे आकडे भिंतीवर होते आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लिहिले गेले होते. मी घसा साफ करून जाहीर केलं की पाणी माझ्या कट्ट्यामुळे आत येतं, चूक माझी. एवढा मोठेपणा दाखवल्यावर कुणीतरी 'जाऊ द्या बाई' म्हणेल असं वाटलं होतं. कुणी म्हणालं नाही.

शिवणवाली बाई टेप गुंडाळत म्हणाली, "दोन पावसाळे झाले. तुम्ही एकदा तरी आत येऊन बघितलंत?"

नव्हतं बघितलं. मी दुसऱ्या मजल्यावर राहते.

"अर्जात गुडघाभर लिहिलंत. गुडघाभर नव्हतंच कधी. घोट्याच्या जरा वर. तेवढ्यातच सगळं गेलं."

मी तिच्यामागून आत गेले. भिंतीला घोट्याच्या वर एक मळकट रेघ होती, त्याखाली रंगाचे पोपडे. कपाटाचं दार फुगून अर्धवट उघडं राहिलेलं. शिवायला आलेले कपडे सगळे छताजवळच्या फळीवर, पावसाला अजून महिना असताना. मला रडू आलं, आणि तिच्यासमोर रडण्याचा आपल्याला काही हक्क नाही हेही कळलं, म्हणून आवरलं.

बुधवारी कट्टा फोडला. पाटी चेअरमननी स्वतःच्या हाताने जपून काढली आणि घरी नेली. मी राडारोडा उचलायला गेले तर मावशी ओरडली, "अर्धंच घमेलं भरा, कंबर जाईल!" तिने उभं राहून भरावाचा शेवटचा थर निघेपर्यंत खणायला लावलं, नळी दोनदा धरायला लावली, आणि भिंतीतलं भोक मोकळं करून त्याला घुशींसाठी जाळी बसवून घेतली.

मग मी शिवणवालीच्या दारात बादलीभर पाणी ओतलं. ते जरा घुटमळलं आणि गेटच्या दिशेने निघून गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र आत गेली. मला वाईट वाटलं, सरळ सांगते.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात स्वतःची बादली होती. तिने ती उंबऱ्याला लागून ओतली आणि पाण्याच्या मागे मागे भोकापर्यंत चालत गेली. परत येऊन दुसरी ओतली. तिसरी, चौथी. दर वेळी वाकून उंबऱ्याच्या आत हात फिरवून बघायची. पाचव्या बादलीनंतर तिने कोरडा हात पदराला पुसला, फोन काढला आणि आमच्याकडे पाठ करून विरारच्या खोलीवाल्याला सांगितलं, "दादा, आमची वाट बघू नका."